आधी समुपदेशक, मग कुत्रा

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागात खोली घेऊन राहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाशी दिवसभरात जी माणसे बोलतात, ती बहुतेक मार्कांविषयीच बोलतात. सर टेस्टचा स्कोअर विचारतात, मेसच्या मावशी 'अभ्यास चाललाय ना' म्हणतात, रात्री गावाकडून फोन येतो आणि 'जेवलास का'च्या पाठोपाठ 'किती पडले' येतेच. यात कुणी वाईट नाही. ज्या घराने सोयाबीनच्या पैशातून, कधी कर्ज काढून, दोन वर्षांची फी भरली ते घर निकाल विचारणारच. पण त्यामुळे ज्याला आपल्याकडून काहीच नको आहे असा एकही जीव त्या मुलाच्या आसपास उरत नाही. थेरपी डॉगचा, म्हणजे ताणात किंवा दुःखात असलेल्या माणसांना दिलासा देण्यासाठी तयार केलेल्या कुत्र्याचा विचार या दोन शहरांत करायचा तर तो इथून करावा लागतो. कुत्र्याला नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, कटऑफ ठाऊक नसतो आणि तेवढ्यापुरता तो आपल्या सगळ्यांपेक्षा बरा श्रोता ठरतो.

आधी एक घोळ निस्तरू. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा कुत्रा एकाच मालकासाठी वर्षानुवर्षे काम करतो. त्याला सर्व्हिस डॉग म्हणतात. घरी पाळलेला, मालकाला जीव लावणारा कुत्रा हा आणखी वेगळा. थेरपी डॉग आपल्या हँडलरसोबत, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसासोबत, रुग्णालयात, शाळेत, वृद्धाश्रमात जातो, अनोळखी माणसांच्या जवळ बसतो, त्यांना स्पर्श करू देतो आणि परत येतो. महाराष्ट्रात हे काम नवे नाही. मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांनी मुंबईत सुरू केलेली 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था अनेक वर्षे प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने विशेष मुलांसाठी आणि रुग्णांसाठी काम करते आहे. मुंबईच्या विमानतळावर 2023पासून प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी असे कुत्रे आणले जातात. त्यांची छायाचित्रे मोबाइलवर फिरतात आणि मग एखाद्या क्लासच्या संचालकाला वाटते, आपणही एक लॅब्रॅडॉर आणून ठेवू. हा लेख त्या संचालकासाठी आहे, वसतिगृहाच्या अधीक्षकासाठी आहे आणि ज्यांच्या घरी गुणी कुत्रा आहे त्यांच्यासाठीही. म्हणणे एवढेच की कल्पना चांगली आहे, पण तिचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा लावला जातो.

कुत्र्याच्या सहवासाने बरे वाटते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही असे कुणी म्हणेल. पण बरे वाटणे आणि उपयोग होणे यांत फरक आहे, म्हणून पुरावा पाहायला हवा. अमेरिकेत 2007 मध्ये हृदय निकामी होत चाललेल्या 76 रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना कुत्रा आणि स्वयंसेवक 12 मिनिटे भेटले, काहींना फक्त स्वयंसेवक, काहींना कुणीच नाही. कुत्र्याची भेट झालेल्या रुग्णांची चिंता जास्त उतरली, हृदय-फुप्फुसांतील काही दाब आणि ताणाशी निगडित संप्रेरकही कमी झाले. या मांडणीतला मधला गट महत्त्वाचा आहे. 'कुत्र्याचे काय कौतुक, कुणीही चौकशीला आले तर बरे वाटतेच,' या नेहमीच्या शंकेला तो उत्तर देतो. पुढे 2019 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील 249 विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात ज्यांनी 10 मिनिटे कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळले, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक कमी आढळले. नुसते लांबून पाहणाऱ्यांना किंवा चित्रे पाहणाऱ्यांना तेवढा लाभ झाला नाही. म्हणजे क्लासच्या भिंतीवर कुत्र्याच्या पिलाचे पोस्टर लावून भागणार नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्याच पाच रुग्णालयांत कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्रा भेटणाऱ्या आणि न भेटणाऱ्या मुलांच्या चिंतेत लक्षणीय फरक दिसला नाही. फरक दिसला तो पालकांच्या ताणात. ही निराशेची बातमी नव्हे, कारण आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईचा ताण उतरणे हीदेखील लहान गोष्ट नाही. पण यातून मर्यादा कळते. कुत्र्याचा परिणाम मिनिटांत आणि तासांत मोजला जातो. एका भेटीने नैराश्य जात नाही, झोप परत येत नाही, जीव द्यावासा वाटणाऱ्या मुलाचा विचार बदलतो असे तर कुठल्याही जबाबदार अभ्यासात म्हटलेले नाही. मिळते ती एक सैल झालेली वेळ: खांदे खाली येतात, श्वास लांबतो, तोंडातून शब्द फुटतो. तो शब्द ऐकून पुढे काय करायचे हे जाणणारा माणूस तिथे हवा. नसेल तर कुत्र्याने उघडलेले दार तसेच बंद होते, आणि 'मी बोललो, तरी काही झाले नाही' अशी नोंद मुलाच्या मनात राहते. ती नोंद आधीच्या गप्प बसण्यापेक्षा वाईट.

या विषयाचा आरंभच या मुद्द्याची साक्ष देतो. बोरिस लेव्हिन्सन हे अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ. एक अबोल मुलगा ठरल्या वेळेआधी त्यांच्याकडे आणला गेला, तेव्हा त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. मुलगा कुत्र्याशी खेळू लागला, हळूहळू बोलू लागला. लेव्हिन्सननी हे पाहून 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्रा हा उपचारातला सहायक होऊ शकतो अशी मांडणी केली, तेव्हा त्यांच्याच व्यवसायातले काही जण हसले. ही हकीकत सांगताना लोक जिंगल्सचे गुण गातात. पण खोलीत लेव्हिन्सन नसते तर एक मुलगा एका कुत्र्याशी अर्धा तास खेळून घरी गेला असता, इतकेच. म्हणून नियम असा धरा: आधी समुपदेशक, मग हँडलर, शेवटी कुत्रा. समुपदेशक ही आता ऐच्छिक बाबही राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे, आणि त्यात कोचिंग क्लासेसही येतात. ज्या क्लासने ही नेमणूक केली नाही आणि कुत्रा मात्र आणला, त्याचा हेतू जाहिरातीचा आहे असे पालकांनी खुशाल समजावे.

समुपदेशक आहे असे धरून पुढे जाऊ. वसतिगृहात कुत्र्याची भेट ठेवायची तर ती आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी ठेवा. अधूनमधून कधीतरी आणलेला कुत्रा हा तमाशा होतो. ठरलेल्या वेळी येणाऱ्याची वाट पाहता येते, आणि वाट पाहण्यासारखे काही असणे हाच ताणाच्या दिवसांत अर्धा आधार असतो. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त मुले नकोत. नाव नोंदवून येणारीच यावीत, कुणाला ओढून आणू नये. मुलांनी जमिनीवर बसावे, कुत्र्याने आपणहून जवळ यावे. मोबाइल बाहेर ठेवायला सांगा, नाहीतर सगळा वेळ सेल्फीत जाईल. समुपदेशकाने त्याच खोलीत बसावे, पण वही-पेन घेऊन नव्हे. 'काय त्रास आहे' असे विचारायचेच नाही. कुत्र्याचे नाव, तो काय खातो, तुझ्या गावाकडे आहे का कुत्रा, असे बोलणे सुरू होते आणि गावावरून घरावर, घरावरून जिथे दुखते तिथे आपोआप येते. ज्या मुलाचे बोलणे थांबते किंवा डोळे भरतात, त्याला नंतर, एकट्याला, वेगळ्या वेळी भेटायचे. आणि भेटीला कोण येते, कोण यायचे थांबले, याची साधी नोंद ठेवायची. सलग तीन आठवडे आलेला मुलगा चौथ्या आठवड्यात दिसला नाही तर त्याच्या खोलीचे दार वाजवायला हवे. माझ्या मते या उपक्रमाचा सर्वात मोठा फायदा इथेच आहे, आणि तो कुत्र्यापेक्षा हजेरीच्या वहीतून मिळतो.

कुत्रा कोणता, यावर मराठवाड्यात बोलायला माणसे कमी पडणार नाहीत. चाकूर तालुक्यातल्या जानवळचे कारवान कुत्रे प्रसिद्ध आहेत आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-गाढवांसोबत श्वानांचेही प्रदर्शन भरते. तेव्हा आपल्या मातीतला कारवानच थेरपीला घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. अभिमान ठेवूनही सांगायला हवे की बहुतेक कारवान या कामाला योग्य नाहीत. हा शिकारीसाठी, नजरेने सावज हेरून धावण्यासाठी घडवलेला कुत्रा. तो मालकाशी एकनिष्ठ असतो, अनोळखी माणसाच्या हाताला मात्र अंग चोरतो, आणि समोरून ससा काय, मांजर पळाले तरी त्याला आवरणे कठीण. उलट लॅब्रॅडॉर आणला म्हणजे काम झाले असेही नाही. घाईने वाढवलेली, जेमतेम दीड महिन्याची असताना आईपासून तोडून विकलेली पिले मोठेपणी भित्री किंवा अतिउतावळी निघतात. कित्येकदा गल्लीतून उचलून घरी वाढवलेला, पाच-सहा वर्षांचा, माणसांच्या गर्दीत मुरलेला गावठी कुत्रा या दोघांपेक्षा सरस ठरतो. जात पाहू नका, स्वभाव पाहा. आणि या कामासाठी नवा कुत्रा विकत घेऊ नका. ज्या घरात अशा स्वभावाचा कुत्रा आधीच आहे आणि ज्याच्या मालकाकडे आठवड्यातले दोन तास आहेत, त्या घराला विनंती करा. कुत्रा संस्थेचा असला की सुट्टीत त्याला कोण सांभाळणार हा प्रश्न वॉचमनच्या गळ्यात पडतो.

स्वभाव पारखायचा कसा? कुत्रा किमान दीड-दोन वर्षांचा हवा, त्याआधी त्याचा स्वभाव पुरता ठरत नाही. त्याच्या मागे स्टीलचे ताट पाडा. दचकणे चालेल, दचकून पुन्हा सावरायला किती वेळ लागतो ते बघा. तीन-चार अनोळखी माणसांनी, त्यातल्या एकाने काठी टेकत, एकाने डोक्यावरून पदर घेऊन, एकाने हेल्मेट घालून जवळ यावे. कान, पंजा, शेपटी कुणी जरा जोराने धरली तर तो काय करतो ते पाहा. जमिनीवर बिस्किट टाकून 'नाही' म्हटल्यावर तो थांबतो का, हे तर पाहायलाच हवे, कारण रुग्णालयात फरशीवर बिस्किट नसते, पडलेली गोळी असते. जो एकदाही गुरगुरला किंवा ज्याने हवेत दात मारले, त्याला घरी सुखाने राहू द्या. यातला सूक्ष्म भाग हँडलरने शिकण्याचा आहे. कुत्रा वारंवार जांभया देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, शेपूट पायांत घेतो, तेव्हा तो आता पुरे म्हणत असतो. चावण्याच्या बहुतेक घटनांआधी कुत्र्याने हे सांगितलेले असते, माणसाने ऐकलेले नसते. एका भेटीचा एकूण वेळ तासाच्या आत ठेवा आणि दमल्याची खूण दिसताच त्याला बाहेर न्या, मग समोर पालकमंत्री असोत.

आरोग्याच्या बाबतीत सवलत नाही. तीन महिन्यांचा असताना रेबीजची पहिली लस आणि त्यानंतर दरवर्षी, शिवाय डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी, दर तीन महिन्यांनी जंताचे औषध आणि बारमाही गोचीड-प्रतिबंध. लसीकरणाचे कार्ड हँडलरच्या खिशात असावे. तपासणीसाठी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे; मोठ्या अडचणीसाठी उदगीर आणि परभणी इथली पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. भेटीच्या आदल्या दिवशी आंघोळ, नखे कापलेली, कच्चे मांस आहारात नाही. मुले लाडाने चॉकलेट आणि मनुके पुढे करतात. दोन्ही कुत्र्याला विषासारखी, म्हणून खाऊ फक्त हँडलरच्या हातून. आणि आपल्याकडचे ऊन! एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर असताना दुपारी डांबरी रस्त्यावरून कुत्रा चालवणे ही क्रूरता आहे. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही चालवू नका. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, नाहीतर भेट रद्द.

रुग्णालये आणि वृद्धाश्रम यांचे गणित थोडे निराळे. मुले पुण्याला किंवा परदेशात आणि आई-वडील इकडे, अशी घरे आता लातूर-नांदेडातही आहेत. वृद्धाश्रमातल्या माणसाला दिवसभरात मिळणारा स्पर्श बहुधा औषध देणाऱ्या किंवा कपडे बदलणाऱ्या हाताचा असतो. मांडीवर डोके टेकवणारा कुत्रा तिथे फार मोलाचा, फक्त तो अंगावर उडी घेणारा नसावा. सत्तरीतल्या हाडाला एक धक्का पुरतो. रुग्णालयात अतिदक्षता विभाग, भाजलेले रुग्ण, उघड्या जखमा, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण आणि स्वयंपाकघर पूर्ण वर्ज्य. जंतुसंसर्गाची शंका रास्त आहे. बाल्टिमोरमधील एका अभ्यासात कर्करुग्ण मुलांना भेटलेल्या कुत्र्यांमार्फत औषधांना न जुमानणारे जिवाणू पसरू शकतात असे दिसले, पण कुत्र्याला जंतुनाशक शाम्पूने धुतल्यावर आणि अंगावरून जंतुनाशक फडके फिरवल्यावर तो धोका बराच घटल्याचेही दिसले. प्रत्येकाने स्पर्शाआधी आणि नंतर हात धुवायचे, हा नियम पाळला तर अर्धी लढाई जिंकली.

सर्वात मोठा आक्षेप मात्र रस्त्यावरून येतो. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांनी ज्या शहरात लहान मुलांना फाडले, तिथे कुत्र्याकडून दिलासा घ्या असे कोणत्या तोंडाने सांगायचे? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून मोकाट कुत्री हटवण्याचा आदेश दिला तो याच पार्श्वभूमीवर. या भीतीची टिंगल करू नये. रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. उत्तर असे की थेरपीचा कुत्रा मोकाट नसतो: गळ्यात पट्टा, हातात आखूड दोरी, अंगावर ओळखीचे जॅकेट, सोबत कागदपत्रे आणि संस्थाप्रमुखांची लेखी परवानगी. यातले एक जरी कमी असेल तर सुरक्षारक्षकाने फाटकातूनच परत पाठवावे आणि हँडलरने वाद घालू नये. एवढे करूनही ओरखडा उठला किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून बसून राहायचे नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. या दोन्ही जिल्ह्यांत मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि अनेक घरांत कुत्र्याची लाळ नापाक मानतात. हिंदू घरांतही दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबाचा कुत्रा पूजेत असतो, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव तर शेजारच्या नरसीचे. तरी खरा कुत्रा उंबऱ्याबाहेरच. यावर वाद घालून काही साधत नाही. भेट वेगळ्या खोलीत ठेवावी, प्रार्थनेच्या आणि जेवणाच्या जागेपासून दूर ठेवावी, कुत्रा कोणत्या वाटेने येणार-जाणार हे आधी सांगावे आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याची भीती घालवणे हा इथला कार्यक्रम नाही.

राहिला 'माणसांना डॉक्टर नाहीत आणि यांना कुत्रे सुचतात' हा टोमणा. तो मला पटतो, आणि म्हणूनच क्रमाचा एवढा आग्रह. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर घरे पुन्हा उभी राहिली, पण माणसांच्या मनातले ओझे घरांबरोबर उतरले नाही, हे या भागाने पाहिले आहे. नापिकी आणि कर्जाने खचलेल्या शेतकरी कुटुंबांतही तेच दिसते. अशा ठिकाणी कुत्रा घेऊन जाणे ही थट्टा वाटेल. तिथे आधी कर्जाचा कागद समजावून देणारा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणारा माणूस हवा. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर समुपदेशक नेमा. कुत्र्याचा खर्च जवळपास नाही म्हणून तो आधी आणू, हा हिशोब फसवा आहे.

करायचेच असेल तर वैशाखात सुरुवात करू नका. नीटची परीक्षा मे महिन्यात असते. तेव्हा मुलांना वेळ नसतो आणि कुत्र्याला ऊन सोसत नाही. जूनअखेर पाऊस पडून हवा निवली, नव्या बॅचची मुले घर सोडून आली आणि पहिल्या टेस्टचे निकाल लागून घराची आठवण दाटली, की तो काळ योग्य. एका वसतिगृहात, एका कुत्र्यासह, तीन महिने करून पाहा; मुले येतात का, बोलतात का, पुढे समुपदेशकाकडे जातात का ते वहीत पाहा, आणि जात नसतील तर बंद करा. तोवर खोलीतल्या मुलाला, किंवा त्याच्या काळजीत असलेल्या घरच्यांना, बोलायला कुणी हवे असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे, रात्रंदिवस सुरू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहाच्या जिन्यापाशी मोठ्या अक्षरांत लिहायला आजच हरकत नाही.